तुहं तुले, माहं मले

१

वर्ध्याच्या कापूस बाजारामागं एक पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या डोक्यावरच्या खोलीत चंद्रभान मेलेल्या माणसांची तैलचित्रं काढायचा. गिरणी दिवसभर घरघरत असे, त्यामुळं खोलीच्या फरशीला सतत बारीक कंप असायचा. चंद्रभानला त्याची इतकी सवय झाली होती, की गिरणी बंद पडली की त्याला आपलेच हात थरथरताहेत असं वाटे.

लोक फोटो घेऊन येत. कुणाचा लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, कुणाचा ओळखपत्रावरचा, पिवळा पडलेला. वडील गेले, वर्षश्राद्धाच्या आत चित्र पाहिजे. कोट कसा, टोपी कशी, ते सांगून झालं की जाता जाता दारातून प्रत्येक जण मागं वळे आणि आवाज खाली आणून एकच गोष्ट सांगे, "भाऊ, थोडं उजळ कराल हं."

चंद्रभान करायचा. पांढरा, पिवळा, चिमूटभर लाल. अर्ध्या जिल्ह्यातल्या मेलेल्यांना त्यानं गोरं केलं होतं. तो स्वतः मात्र चांगलाच काळा होता. रोहण्याच्या घरी बाप महादेवराव आणि थोरला भाऊ बबनराव गव्हाळ, मधोमध हाच एक असा. लहानपणी कोणी विचारलं तर माय म्हणे, उन्हात खेळते म्हणून.

फोटोत हात नसत. चित्रात तर हवेत. मग चंद्रभान बंद पडलेल्या एका सलूनमधून आणलेल्या मोठ्या आरशासमोर बसे, मांडीवर हात ठेवी आणि स्वतःचे हात पाहून ते रंगवी. त्यामुळं झालं असं होतं, की जिल्ह्यातल्या कितीतरी बैठकींमध्ये वेगवेगळ्या मेलेल्या माणसांच्या मांडीवर चंद्रभानचेच हात विसावलेले होते. हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्याला थोडी गंमतही वाटे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात विमलाबाई आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांचे यजमान प्रभाकरराव हेडमास्तर होऊन निवृत्त झाले होते आणि मागच्या वर्षी वारले होते. चित्र तयार होतं. विमलाबाईंनी चष्मा पुसला, चेहऱ्याकडं पाहिलं, डोळ्यांना पदर लावला.

"चेहरा अगदी तोच आहे हो," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली उतरली आणि तिथंच थांबली. "पण हे हात कोणाचे?"

"काऊन बाई, काय झालं?"

"हे बाईचे हात आहेत, चंद्रभानजी."

तो हसला. हसतच चित्राजवळ गेला, आणि त्याचं हसू जिरलं. दोन्ही हातांच्या पाठीवर, कातडीच्या आतून दिसावं तसं, हिरवंकाळं गोंदण होतं. ठिपक्यांच्या ओळी, आणि ओळींमध्ये उभ्या रेघा. त्यानं बोट फिरवलं. वर काहीच लागलं नाही. रंग गुळगुळीत होता.

"आमच्याकडंही बायका गोंदतात," विमलाबाई म्हणाल्या. "तुळस गोंदतात, नवऱ्याचं नाव गोंदतात. हे तसलं नाही. मी आर्वीला होते ना, तेव्हा कारंज्याकडच्या गोंडांच्या मुली यायच्या शाळेत. त्यांच्या आयांच्या हातावर पाहिलंय." मग त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "वर्षश्राद्धाला चार लोक येतील. हे मी कसं टांगू, तुम्हीच सांगा?"

२

चंद्रभान काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्यानं सुरीनं ते हात खरवडले, खालचा कॅनव्हास दिसेपर्यंत खरवडले, टर्पेंटाइननं पुसले आणि नव्यानं रंगवले. पुरुषाचे, हाडं वर आलेले, म्हाताऱ्या मास्तराचे हात. दोन दिवसांनी भिंतीला ओल यावी तसे ठिपके वर आले. आधी पोपटी, मग हिरवे, मग काळपट.

हिरवा रंग चिवट असतो, त्यानं स्वतःला समजावलं. खालचा थर वर येतो कधीकधी. जवसाचं तेल भेसळीचं असेल. त्यानं तेल बदललं. मग कॅनव्हास बदलला, लाकडी चौकट नवी ठोकली, आणि हिरव्या रंगाची ट्यूब तर उचलून कोनाड्यात ठेवून दिली. हात पुन्हा काढले. ठिपके पुन्हा आले.

वर्ध्याचं ऊन ते. दुपारी कॅनव्हास ताणला जाई आणि चौकटीपाशी टक् टक् असा आवाज येई. तो नेहमीचाच होता. पण आता चंद्रभान पाठमोरा असला आणि मागं टक् वाजलं की तो वळून पाहू लागला.

शेवटी न राहवून तो केळझरला गेला. तिथं रूपराव नावाच्या शेतकऱ्याला त्यानं पूर्वी वडलांचं चित्र काढून दिलं होतं. वरवर सांगितलं, गणपतीच्या दर्शनाले आलतो, म्हटलं डोकावून जावं. बैठकीत चित्र होतं, पण त्याला घातलेला हार चमत्कारिक होता. गळ्यात नव्हता. कोणीतरी मुद्दाम दोन खिळे खाली मारून तो मांडीपाशी, हातांवर येईल असा अडकवला होता.

"हार इतका खाली काऊन?" चंद्रभाननं विचारलं.

रूपरावनं चहाची कपबशी खाली ठेवली. "पह्यले नव्हतं ते. आता दिसून राह्यलं. मी म्हनलं भिताडाची ओल असन." हाराकडं पाहून तो म्हणाला, "आमच्या घरची बाई आता इथं बसत नाई. म्हणते, सासरा पाह्यते त चालते, पण ते हात कोणाची तरी वाट पाहून राह्यले असं वाटते."

चंद्रभान बसस्टँडवर आला तेव्हा त्यानं आपले हात उन्हात धरून उलटसुलट पाहिले. स्वच्छ होते. नुसते काळे, बारीक बोटांचे हात.

३

एक गोष्ट चंद्रभाननं कोणालाच सांगितली नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती आणि पेटीत एक हिरवं लुगडं. कोणी विचारलंच तर सांगायला उत्तर तयार होतं, की चुण्या कशा पडतात ते पाहायला लागते. पण दुपारी गिरणी चालू असताना, कडी लावून, तो ते नेसून आरशासमोर बसे तेव्हा चुण्यांकडं त्याचं लक्ष नसे. तो नुसता बसे. तेवढा वेळ त्याला आपण कुठंतरी येऊन पोहोचलो आहोत असं वाटायचं. मग ते सोडून, शर्ट-पायजमा घालून तो घरी जाई, बायकोनं, जयवंतानं, वाढलेलं जेवी आणि भिंतीकडं तोंड करून निजे.

लहान असताना रोहण्याला असंच मायचं लुगडं गुंडाळून, कपाळाला कुंकू लावून तो गोठ्यामागं बसला होता, तेव्हा महादेवरावानं बैलाच्या कासऱ्यानं त्याला सोलून काढलं होतं. मारताना बाप एकच वाक्य म्हणत होता, "तिच्यावाणी बसू नको! तिच्यावाणी बसू नको!" तिच्यावाणी म्हणजे कोणावाणी, हे तेव्हा त्याला कळलं नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

केळझरहून आल्यावर ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्याच आठवड्यात तो पुलगावला आर्वीच्या छोट्या रेल्वेत बसला आणि रोहण्याला उतरला.

माय, आनंदाबाई, मागच्या अंगणात तूर निवडत होती. बाप वावरात गेलेला होता. चंद्रभान मायसमोर बसला आणि एका कागदावर त्यानं ते गोंदण काढून दाखवलं.

आनंदाबाईचा सुपातला हात थांबला. "कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाई. तू सांग."

तिनं सूप जवळ ओढलं. मग दाराकडं एकदा पाहून हळू आवाजात म्हणाली, "कापूस वेचाले बाया आल्त्या डोंगराकडून. गोंडाच्या. त्याईच्यातली एक मांगं राह्यली. दिवस भरले होते तिचे. गोठ्यात झाला तू. सकाळ झाली तवा जीव गेलता तिचा." तिनं तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुह्या बाबानं तुले माह्या वटीत टाकलं. म्हणे, आजपासून हा आपला. कोणापाशी तोंड उघडशील त याद राख."

"नाव काय होतं तिचं?"

"सारे वेचणारी म्हणत." मायचे डोळे भरले. "नाव इचारलंच नाई रे कोणी."

"दिसे कशी?"

"आंगोळ मीच घातली तिले, जाळाच्या आंधी. हात आठवते मले. हे असेच होते. तोंड नाई आठवत. तोंडाकडं पाह्यची माही हिंमतच झाली नाई."

"माय, बाबानं काऊन ठेवलं मले? दुसऱ्याचं पोर?"

आनंदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग सूप उचलून ती घरात निघून गेली. तेवढ्यात वावरातून परत आलेला महादेवराव ओसरीत खाकरला.

४

वर्ध्याला आल्यावर चंद्रभाननं हातातली सगळी कामं भिंतीला टेकवून ठेवली. माणूसभर उंचीचा कॅनव्हास ठोकला. त्याला मायचं, आपल्या खऱ्या मायचं, चित्र काढायचं होतं. तिचं तोंड जगात कोणाला आठवत नव्हतं. ते शिल्लक असलंच तर एकाच ठिकाणी असणार होतं. तो लुगडं नेसला, डोक्यावर पदर घेतला आणि आरशासमोर बसला.

गडद तपकिरी रंगाची एक ट्यूब त्याच्याकडं कितीतरी वर्षं न उघडता पडून होती, कारण ती लागेल असं तोंड कोणी कधी मागितलंच नव्हतं. ती त्यानं उघडली. टोपण घट्ट बसलं होतं, दातानं काढावं लागलं. आणि मग जे सुरू झालं ते त्याला आवरेना. तो जेवायला विसरू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला उजळ करत नव्हता. गालाचं हाड, रुंद नाक, जाड ओठ, सगळं होतं तसं येत होतं, आणि जसजसं येत होतं तसतसं त्याला हुंदके फुटत होते. शरमेचे नव्हते ते. इतके दिवस दाबून ठेवलेलं कोणीतरी श्वास घेत होतं.

एका दुपारी तो शर्ट चढवून दार उघडतो तर पायरीवर जयवंता उभी. तिला वाटलं होतं, नवऱ्यानं वर कोणी बाई ठेवली आहे. ती तडक आत आली आणि चित्रासमोर थबकली.

"कोण व्हय ही?"

"माय व्हय माही."

"माय त रोहण्याले हाय." जयवंता चित्राकडं बघत राहिली. तिचा आवाज चिरका झाला. "लग्नाले इतकी वर्सं झाली. माह्याकडं कधी असं पाह्यलं का तुमी, जसं हिच्याकडं पाह्यता? मी काय भिताड हाय?"

"जयवंता, ऐक. मी असा..." तो थांबला. "मी अशी..." दोन्हींतलं कुठलंच वाक्य पुरं झालं नाही, आणि जयवंता तोंडाला पदर लावून जिना उतरून गेली. तिला हाक मारावी, सगळं सांगून टाकावं, तिच्या पायावर डोकं ठेवावं, असं त्याला वाटलं. तो जागेवरून हलला नाही.

चूक त्याच्या ध्यानात त्यानंतर आली. चित्रातले डोळे त्यानं आपल्याकडं पाहणारे काढले होते. आरशात पाहून काढलेल्या चित्राचे डोळे दुसरीकडं पाहूच शकत नाहीत. पण ते त्याच्याकडं पाहत नव्हते. ते त्याच्या खांद्यावरून, दाराकडं पाहत होते. त्यानं बाहुल्या पुसून पुन्हा काढल्या. सकाळी त्या पुन्हा दाराकडं.

आणि त्याच दिवशी हात धुताना त्याला दिसलं, की हाताच्या पाठीवरचे हिरवे डाग निघत नाहीत. त्यानं साबण लावला, टर्पेंटाइन लावलं, वीट घेऊन घासलं. ठिपक्यांच्या ओळी, ओळींमध्ये उभ्या रेघा. दुखत नव्हतं, आणि भीतीही वाटत नव्हती. भीती वाटत नाही, याचीच त्याला भीती वाटली.

५

आनंदाबाईनं तोंड उघडलं हे महादेवरावाला कसं कळलं कोण जाणे. तो आला ती भर दुपार होती. वीज गेल्यामुळं खाली गिरणी थांबली होती, म्हणूनच चंद्रभानला जिन्यावरची काठी ऐकू आली. पण अंगावरचं लुगडं सोडायला वेळ नव्हता, आणि कडी लावायची राहिली होती.

"बबन, तू खालीच थांब," बापाचा आवाज आला. मग दार उघडलं.

"ते बुढी काय बरळली तुह्यापाशी? घराण्याची..." महादेवराव बोलत बोलत आत आला आणि चित्रासमोर येऊन उभा राहिला.

चंद्रभान खुर्चीवर तसाच बसून होता, डोक्यावर पदर, मांडीवर हात. बापानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. महादेवरावानं पायातल्या वहाणा काढल्या. डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. खोलीत इतकी शांतता होती, की उन्हानं ताणलेल्या कॅनव्हासचा आवाज स्पष्ट आला. टक्.

"हो," महादेवराव म्हणाला.

टक्.

"नाई. गाडी जुंपली नाई मी. दवाखाना लांब होता."

टक्. टक्.

"लोकं काय म्हणतीन म्हून." म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. "मले वाटलं, सकाळपावतर जगशीन तू."

चंद्रभान कान देऊन ऐकत होता. त्याला चौकटीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तो मनाशी म्हणत होता, लाकूड आहे, ऊन आहे, म्हाताऱ्याच्या मनाला लागलं आहे, बस. पण बाप प्रत्येक वेळी आवाज होईपर्यंत थांबत होता, आणि मगच उत्तर देत होता.

"नाई," महादेवराव म्हणाला. "नाव नाई इचारलं."

मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. म्हातारा वळला. पहिल्यांदाच त्यानं खुर्चीवरच्या चंद्रभानकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं, हातांवरच्या गोंदणाकडं पाहिलं. चंद्रभाननं मार चुकवायला दोन्ही हात वर घेतले. पण बापाच्या डोळ्यांत राग नव्हता. बाजारात बैलजोडी पारखताना असते तशी नजर होती ती. तो पुन्हा चित्राकडं वळला आणि हात जोडले.

"तुहं तुले ने, बाई," तो म्हणाला. "माहं मले दे. मले माहा पोरगा पाह्यजे, चार लोकांत नेता येईन असा. तुहं तुले, माहं मले. मंग फिटलं आपलं."

टक्.

"बरं," महादेवराव म्हणाला.

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून चित्रावर टाकला. रंग ओले होते, कापडाला लागले असतील, पण तो थांबला नाही. चित्र त्यानं उचललं नाही. दुपट्ट्याच्या एका टोकाला धरलं, जसं लहान पोराचं बोट धरतात, आणि म्हणाला, "चाल चंद्रभान, घरी चाल."

"बाबा!" चंद्रभान उठून दाराशी आडवा झाला. "बाबा, मी इथं हाय!"

"बाई, जरा बाजूले सरक," महादेवराव म्हणाला, अगदी परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं.

जिना चढून एकच माणूस वर आला होता. उतरताना पायऱ्यांवर दोघांची पावलं वाजली. खालून बबनरावाचा आवाज आला, "काय रे चंद्रभान, किती वाळला! जेवत नाई का?"

चित्राचं ईझल रिकामं होतं. तेवढ्यात वीज आली आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली.

६

आता तिला तो म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

जयवंता डबा घेऊन आली तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. "हे कुठं गेले?" जयवंतानं विचारलं.

"जयवंता, मी... माह्याकडं पाय. ओळख न मले!"

"वळखलं," जयवंता म्हणाली. "चित्रातली तूच न?" ती रडली नाही, भांडली नाही. खुंटीवरचा शर्ट तिनं काढून घेतला, घडी घातली, छातीशी धरला आणि निघून गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत ती जयवंताच्या मागं धावली. लोक बघू लागले तेव्हा गिरणीवाल्या रामाजीनं तिला हटकलं. "चंद्रभानभाऊ घरी गेले. खोलीत बायामाणसं ठेवत नाई आम्ही. जाय बापा." आणि त्यानं वर जाऊन कुलूप लावलं.

तिनं बाजारातल्या पानवाल्याला सांगून पाहिलं, चौकटी ठोकून देणाऱ्या सुताराला सांगून पाहिलं. मी चंद्रभान, असं ती म्हणायची आणि समोरचा माणूस कीव आल्यासारखा बघायचा. कोणी वेडी म्हटलं. कोणी पाच पैसे दिले. एक मात्र होतं. रस्त्यातून जाताना सगळे तिला बाई म्हणत होते, बाजूला सरकून वाट देत होते, आणि कोणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. जन्मभर जे मागायची हिंमत झाली नव्हती ते मिळालं होतं. फक्त घेणारी कोण, हे सांगायला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

शेवटी ती विमलाबाईंच्या दारात गेली. विमलाबाईंनी ओळखलं नाही, पण उन्हातून आलेली बाई म्हणून त्यांनी तिला आत बसवलं, भाकर-वरण वाढलं. बैठकीत प्रभाकररावांचं चित्र टांगलेलं होतं.

"चंद्रभानजींनी मागच्या आठवड्यात स्वतः आणून दिलं," विमलाबाई म्हणाल्या. "हात नीट करून दिले हो. जोडीनं आले होते. त्यांची बायको काय खुशीत होती! आता गावाकडंच राहतात म्हणे, वडलांपाशी."

तिनं चित्राकडं पाहिलं. हात खरोखर नीट होते. पुरुषाचे, उजळ, स्वच्छ. पण ते कोणाला तरी बघून काढलेले होते, आणि ज्याला बघून काढले त्याच्या बोटांना पेरंच नव्हती. विमलाबाईंच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. तिचा घास तोंडातच राहिला.

"बाई, त्याईनं इथं काही खाल्लं का?"

"नाही हो. पाणीसुद्धा नाही घेतलं," विमलाबाई म्हणाल्या आणि थोड्या विचारात पडल्या.

७

पुलगावला छोट्या रेल्वेच्या डब्यात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली. एकीनं न विचारता आपलं लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाठोडं सारखं करू लागली. लेकरू तिच्या हातावरचे ठिपके बोटानं मोजायचा खेळ खेळू लागलं. तिला रडू फुटलं, आणि बायकांना वाटलं, माहेरी काही बरंवाईट झालं असेल.

रोहण्याला ती आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. महादेवराव आणि बबनराव वावरात असणार. ओसरीच्या कडेला जयवंताच्या वहाणा नव्हत्या. दार उघडं होतं. तिनं कडी वाजवली आणि आतून आनंदाबाई आली. महिनाभरात माय किती खंगली होती.

"कोण पाह्यजे, बाई?"

काय सांगणार होती? वाटेत जुळवलेले सगळे शब्द गेले. "घर चुकली मी," ती म्हणाली. 'चुकली' असं, बाईसारखं, ती पहिल्यांदाच कोणाच्या तोंडावर मोकळेपणानं म्हणाली.

आनंदाबाई उंबऱ्याबाहेर आली. तिनं हाताच्या पाठीकडं पाहिलं नाही. ती तोंडाकडं पाहत राहिली, जवळून, डोळे बारीक करून, पुन्हा पुन्हा. तिनं हिचा गाल हातात घेतला.

"जेवली का पोरी?"

"माय!"

"हळू बोल." आतून न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज येत होता. कोणीतरी तांब्यावर तांब्या ओतत होतं. आनंदाबाईचा आवाज अगदी खाली गेला. "जयवंता माहेरी पळाली परवा. सांगत नाई काऊन ते. नुसती म्हणे, मी तिथं निजणार नाई."

"माय, तो कोण व्हय?"

"चांगला वागते," आनंदाबाई म्हणाली. "सारं ऐकते बाबाचं. चार लोकांत बसते, हसते. फक्त जेवत नाई. आल्यापासून घास नाई खाल्ला त्यानं. आन् दिवसातून दहादा आंगोळ करते. पाण्यावर तेलाचा तवंग येते, रंगाचा." तिनं हिचं मनगट धरलं. "तू जाय पोरी. येईन तो आता बाहेर. जाय लवकर."

पाणी थांबलं.

"कोण आलतं, माय?"

आवाज तिचा होता. तोच खर्ज, तोच शेवटी किंचित वर जाणारा सूर. तिच्याच गळ्यातून निघावा तसा तो घराच्या आतून आला. आपले ओठ मिटलेले आहेत ना, हे तिनं बोटांनी चाचपून पाहिलं.

"कोणी नाई रे," आनंदाबाई मोठ्यानं म्हणाली. "घर चुकली एक बाई."

मायच्या खांद्यावरून तिला मधल्या घरात तो दिसला. पायजमा, उघडं अंग, तोंडावर टॉवेल. तो तोंड पुसत होता, थांबत नव्हता, पुसतच होता. तिनं आयुष्यभर माणसांची तोंडं पाहिली होती, म्हणून तिला ते चटकन दिसलं. त्या खोलीला एकच दार होतं आणि सगळा उजेड त्याच्या उजव्या अंगानं येत होता. त्याच्या अंगावर मात्र तो डावीकडून पडलेला होता. वर्ध्याच्या खोलीतल्या खिडकीतून पडायचा तसा, मऊ आणि थंड. तो एक पाऊल पुढं आला, तरी तो उजेड हलला नाही.

टॉवेल कपाळावरून खाली सरकू लागला.

"जाय," आनंदाबाई पुटपुटली, "जाय न माय, जाय." पण तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि हिचं मनगट तिनं दोन्ही हातांनी असं गच्च धरून ठेवलं होतं, की ते सुटेना.